काचेला बांधलेला फेटा

साऱ्या जगाचा डोळा म्हणून ज्याला आपण रोज अर्घ्य देतो त्या भगवान सूर्यनारायणास, आणि जिच्या कृपेने या तहानलेल्या मुलखात माणसांनी तग धरला त्या अंबाजोगाईच्या श्रीयोगेश्वरीस प्रथम वंदन करतो. आज खंडेनवमी. शस्त्रांची, अवजारांची आणि वाहनांची पूजा करण्याचा हा दिवस. सकाळी एका जुन्या पांढऱ्या गाडीची पूजा सांगून मी नुकताच घरी परतलो आहे. त्या गाडीचे मूळ धनी आता या लोकी नाहीत. गाडीपुढे उदबत्ती ओवाळताना तिच्या स्वच्छ काचेत मला माझाच चेहरा दिसला, आणि त्यामागे त्यांचा. त्या निमित्ताने त्यांचे स्मरण लिहून ठेवावे असे मनात आले.

मी त्यांना 'मालक' म्हणत असे. घाटनांदूरच्या शाळेत मी संस्कृत शिकवीत होतो, तेव्हा त्यांच्या घराच्या माडीवरील दोन खोल्या मी भाड्याने घेतल्या होत्या. उंच बांधा, भरघोस मिशा, डोक्यावर सदैव फेटा. शेती बऱ्यापैकी, शब्दाला गावात वजन. एकदा सरपंचही झाले होते. पण त्या पदाविषयी बोलताना दातात खडा आल्यासारखा चेहरा करीत. ड्रायव्हर ठेवण्याची ऐपत असूनही गाडी स्वतःच चालवीत. इतर माणसे गाडीचा विचार करतात तेव्हा इंजिनाचा, चाकांचा, तेलाचा करतात. मालक केवळ काचेचा करीत.

"गुरुजी," ते मला म्हणत, "इंजिन बिघडलं तर गाडी थांबती. काच बिघडली तर गाडी चालूच ऱ्हाती. मंग सांगा, जास्त वंगाळ काय?"



काच पुसणाऱ्या दोन वायपरांना त्यांनी नावे दिली होती. चालकासमोरचा सरपंच, शेजारचा उपसरपंच. पावसात आम्ही परळीकडे निघालो की त्यांचे त्या दोघांविषयी बोलणे सुरू होई. "बघा गुरुजी, उपसरपंच इमानदारीनं पुसतोय. तुमच्याकडची काच लख्ख हाय. आन् आमचा सरपंच बघा, नुसता हात हालवतोय लोकांकडं बघून!" खरोखरच त्यांच्या बाजूचा वायपर काचेच्या मधोमध, नेमका नजरेच्या रेषेत, एक पाण्याचा पट्टा तसाच ठेवून पुढे जाई. मालकांनी किती वेळा त्याचे रबर बदलले, दांडा वाकवून पाहिला, दुकानदाराशी भांडण केले, तरी तो पट्टा हटला नाही. "पदाचाच गुण हाय," असे म्हणून शेवटी त्यांनी ते सोडून दिले, आणि मान जराशी तिरपी ठेवून गाडी चालवण्याची सवय लावून घेतली. पुढे पुढे ते घरात जेवायला बसले तरी मान तिरपीच असे.

आमच्याकडच्या उन्हात वायपरांचे रबर काचेला चिकटून वितळते. म्हणून गाडी उभी करताच ते दोन्ही वायपर काचेपासून उचलून उभे ठेवीत आणि काचेवर जुनी वाकळ टाकीत. लांबून पाहणाऱ्याला वाटे, गाडीने हात वर केले आहेत. गावात मालकांकडे काम असलेला मनुष्य दारापर्यंत येत नसे, वेशीवरूनच विचारी, "हात वर हायत का खाली?" वर असले तर मालक घरी.

काचेवर कसलीही खूण त्यांना खपत नसे. एकदा निवडणुकीच्या दिवसांत एक कार्यकर्ता पुढाऱ्याच्या छबीचे भलेमोठे स्टिकर घेऊन आला. "मालक, सायबाला काचेवर लावू की. समद्यांच्या गाड्यांवर हाय."

मालकांनी ते स्टिकर दोन्ही हातांनी धरून आदराने न्याहाळले. "सायेब लई मोठे हायत," ते म्हणाले. "इतके मोठे हायत की काचेवर बसवलं तर म्होरचं काईच दिसायचं न्हाई. त्यांना मागं लावू. त्यांचं लक्ष तसं बी मागंच असतंय, कोण कोण येतंय त्याच्यावर."

तो मनुष्य हसत गेला. रागावणे त्याला जमलेच नाही. मीही एकदा, गाडीचे रक्षण व्हावे या सद्भावनेने, देवीचे एक सुंदर चित्र त्यांना काचेसाठी दिले होते. त्यांनी ते मस्तकी लावले आणि आतल्या कप्प्यात ठेवले. "देव आडवा येत न्हाई गुरुजी. चिटकवलेला कागद येतोय."

पावसाळ्यापूर्वी ते तंबाखूचे पान ओले करून काचेवर चोळीत. त्यामुळे थेंब फुटून पाणी सरळ ओघळते, असा चालकांचा अनुभव आहे. मी आयुष्यात तंबाखूला स्पर्श केलेला नाही, म्हणून मी थोडा बाजूला सरलो. ते म्हणाले, "भिऊ नका गुरुजी. मी खात न्हाई, काच खाती."

परंतु ज्या वस्तूशी त्यांचे खरे वैर होते ती म्हणजे काचेवर पाणी उडवणारा वॉशर. त्याला ते पिचकारी म्हणत. आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार फार. त्याच्या पांढऱ्या खड्यांनी पिचकारीची बारीक छिद्रे बुजून जात. मग मालक घरातल्या साड्यांच्या पिना पळवीत आणि बॉनेटवर ओणवे होऊन एकेक छिद्र उकरीत. छिद्र मोकळे होई, पण त्याचा नेम बिघडे. एकदा आडसच्या रस्त्यावर त्यांनी कळ दाबली, तेव्हा काचेवर एक थेंबही पडला नाही. सगळे पाणी छतावरून जाऊन मागच्या मोटरसायकलस्वाराच्या इस्त्रीच्या शर्टावर पडले. त्याने पुढे येऊन गाडी आडवली. "काय बे, डोळे फुटले का?"

"फुटले न्हाईत," मालक शांतपणे म्हणाले, "धुवायलोय. पर ते तुझ्याकडंच चाललंय."

तेव्हापासून ते पिचकारीत केवळ पत्र्यावरून धरलेले, धोतराच्या फडक्यातून गाळलेले पावसाचे पाणी भरू लागले. आणि त्याहून विलक्षण असा एक नियम त्यांनी स्वतःला घालून घेतला. ज्या गावात लोक टँकरची वाट पाहत उभे आहेत, त्या गावातून जाताना काच कितीही मळली तरी पिचकारी दाबायची नाही. आणि कोणाच्याही घागरीतले पिण्याचे पाणी काचेसाठी घ्यायचे नाही.

या नियमाचे मूळ त्यांनी मला एकदाच सांगितले. शिरूर कासारकडे ते काही कामाने गेले होते. उन्हाळा, रस्त्याकडेला रिकाम्या घागरींची रांग. धुळीने काही दिसेना म्हणून त्यांनी कळ दाबली. पाणी काचेवरून ओघळून बॉनेटवर आले आणि मातीत टपकू लागले. रांगेतली एक म्हातारी ते थेंब पाहत होती.

"बोलली काय?" मी विचारले.

"न्हाई. बोलली असती तर बरं झालं असतं, गुरुजी." इतके म्हणून त्यांनी विषय बदलला.

हा नियम किती खरा होता, हे मला ज्या दिवशी कळले तो दिवस त्यांच्या एकुलत्या एक लेकीच्या साखरपुड्याचा होता.

स्थळ तेलगावचे. मुलगा सुशिक्षित, घर मोठे, पण मुलाचे थोरले चुलते फार मानी. त्या घरातले सर्व निर्णय तेच घेत. कार्य त्यांच्या दारात, गोरज मुहूर्तावर करावे असे ठरले. चुलत्यांनी निरोप पाठवला होता की, आमच्याकडे वेळ चुकलेली खपत नाही. मागे एक स्थळ त्यावरूनच परत गेले आहे. मालक एरवी कोणाच्या धाकात नसत, पण लेकीने हे स्थळ मनापासून पसंत केले होते, हे त्यांना ठाऊक होते. त्या दिवशी त्यांनी नवा केशरी फेटा बांधला, चारचारदा आरशात पाहिला. पौरोहित्य माझ्याकडे होते.

गाडीत आम्ही चौघे: पुढे मालक आणि मी, मागे लेक आणि मालकांच्या थोरल्या भगिनी, ज्यांना सारे घर अक्का म्हणत असे. बाकीची मंडळी दुसऱ्या गाडीने आधीच पुढे गेली होती. उसाचा हंगाम होता. अंबाजोगाईच्या पुढे रस्ताभर उसाचे ट्रॅक्टर, प्रत्येकामागे दोन-दोन ट्रॉल्या. पाचटाचा भुगा आणि धूळ उडत होती. मालकांनी काचेसाठी सोबत घेतलेला पाण्याचा डबा धारूर येण्याआधीच संपला. घाटाच्या तोंडाशी सूर्य थेट समोर आला. धुळीच्या काचेवर तो असा पसरला की समोर केवळ सोनेरी धूर दिसू लागला.

"आता पिचकारीच," मालक म्हणाले, आणि त्या दिवशी प्रथमच त्यांनी ती कळ दाबली.

काचेवर दोन दाट, पांढऱ्या धारा आल्या. सरपंच आणि उपसरपंच तत्परतेने हलले, आणि पाहता पाहता सगळी काच साय धरल्यासारखी झाली. एक मधुर वास आत आला. मालकांनी गाडी कडेला घेऊन थांबवली, खाली उतरून काचेवर बोट फिरवले, नाकाशी नेले आणि मागच्या खिडकीशी आले.

"अक्का," ते म्हणाले, "पिचकारीच्या टाकीत काय घातलंस?"

अक्कांनी पदर सावरला. "तीर्थ घातलं. सकाळच्या अभिषेकाचं. कळसभर ऱ्हायलं होतं. तुळशीला किती घालू? पायाखाली टाकायचं नस्तं. तू झाकण उघडून ठिवलं होतंस, म्हनलं गाडीच्या पोटात जाऊ दे. वाटंनं रक्षण करील."

दूध, दही, तूप, मध आणि साखर! पंचामृताने काचेचा अभिषेक झाला होता. त्यावर रस्त्याची धूळ बसू लागली होती.  मालक रागावले नाहीत. थोरल्या बहिणीच्या श्रद्धेवर रागावणे त्यांना कधी जमलेच नाही. कोरड्या फडक्याने त्यांनी काच पुसून पाहिली. तूप अधिकच पसरले.

"आबा, आता कसं?" लेकीने विचारले. तिचा आवाज आवरलेला होता, पण तिची नजर सूर्याकडे होती. तो डोंगराच्या कडेला टेकत आला होता.

रस्त्याच्या पलीकडे ऊसतोड मजुरांच्या कोप्या होत्या. पाचटाच्या त्या झोपड्यांपाशी एक बाई चुलीजवळ भांडी घासत होती. आमची अडचण पाहून ती आली. तिने एकदा काच पाहिली, एकदा नटलेली मुलगी, आणि सारे ओळखले. परत जाऊन तिने झाकलेली घागर आणली आणि तांब्या भरून पुढे केला.

"घ्या मालक. पोरीचं कार्य दिसतंय. येळ व्हईल."

मालक दोन पावले मागे सरले. "पाणी कुठून आनता, माय?"

"हिरीवरून. त्या वस्तीच्या पल्याड."

"मंग न्हाई."

मला राहवले नाही. मुहूर्त जवळ, अनोळखी घराचा मान, आणि एका मुलीचे भवितव्य. "मालक," मी म्हणालो, "आपद्धर्म म्हणून हे घेण्यास शास्त्राची आडकाठी नाही. ती स्वखुशीने देते आहे. मी सांगतो, दोष लागणार नाही."

त्यांनी मला नमस्कार केला. "शास्त्र तुमचं खरं हाय, गुरुजी. पर घागर तिची हाय."

मागे अक्का कळवळल्या. "आरं, लेकीची सोयरीक मोडंल की! कावून हट्ट करतोस?"

मालकांनी लेकीकडे पाहिले. त्या दृष्टीत आज्ञा नव्हती, विनवणीही नव्हती. केवळ प्रश्न होता. ती गाडीतून उतरली. "आबांचं बरोबर हाय," ती म्हणाली. "अशा काचेनं घाट बी उतरायचा न्हाई. थांबू."

त्या तोडकरी बाईला हसू आले. तिने तांब्या घागरीत रिता केला. "लई अवघड मानूस हाय ह्यो तुजा बाप! मंग ह्ये चालतंय का बगा." तिने चुलीजवळचे घमेले दाखवले. त्यात भांडी धुतलेले पाणी होते. "वतूनच द्यायचं हाय ह्ये. आन् आदी राख लावा. तूप हाय त्ये, नुसत्या पान्यानं जातंय व्हय?"

मालकांचा चेहरा उजळला. हे त्यांच्या नियमात बसत होते. पण चुलीतल्या राखेत खडे असतात. ते काचेवर ओरखडे पाडतील. राख चाळायला हवी, आणि त्यासाठी तलम कापड हवे. त्यांनी इकडेतिकडे पाहिले. लेकीने नव्या साडीचा पदर पुढे केला, तसा त्यांनी तिचा हात बाजूला सारला. मग डोक्यावरचा नवा केशरी फेटा सोडला.

आमच्या भागात बाप लेकीच्या सासरी उघड्या डोक्याने जात नाही. हे त्या बाईलाही कळत होते. तिचे हसू थांबले. फेट्याच्या एका टोकातून राख गाळून निघाली, दुसऱ्या टोकाने काच पुसली गेली. मालक आणि लेक दोन बाजूंनी घासत होते, बाई जपून पाणी ओतत होती, आणि अक्का डोळे मिटून नामस्मरण करीत होत्या. मी फेट्याचा मधला भाग मातीत पडू नये म्हणून हातावर धरून उभा होतो. शेवटी काच स्वच्छ झाली. तिच्या पलीकडे सूर्य नव्हता. तो मावळला होता. निघताना तो वाळावा आणि वाऱ्याने उडू नये म्हणून मालकांनी तो ओला फेटा बॉनेटवर, काचेच्या पायथ्याशी, दोन्ही बाजूंनी आरशांना घट्ट बांधला.

आम्ही तेलगावला पोहोचलो तेव्हा मांडवात दिवे लागले होते आणि गोरज सरली होती. दाराशी मुलाचे चुलते उभे होते. त्यांनी आधी घड्याळ पाहिले, मग मालकांचे उघडे डोके, मग मुलीचे राखेने काळवंडलेले हात.

"या पाव्हणं," ते म्हणाले. सगळा मांडव ऐकत होता. "येळ तर गेलीच. डोस्क्यावरचं कुठं ठिवलं?"

"काचंला बांधलं," मालक म्हणाले.

कोणीतरी हसले. चुलते हसले नाहीत. मी पुढे होऊन सांगू लागलो, पण मालकांनी मला हाताने थांबवले आणि जे घडले ते स्वतःच्या चार साध्या वाक्यांत सांगितले. अक्कांचा उल्लेख केला नाही. टाकीत काही चुकीचे पडले, इतकेच म्हणाले. चुलत्यांच्या कपाळाची आठी तशीच होती. "एका तांब्याच्या पाण्यापायी मुहूर्त घालवला?" ते म्हणाले. "असल्या इपरीत घरची..."

वाक्य पूर्ण झाले नाही. मुलाची आई ओटीचे ताट घेऊन उंबऱ्यात आली होती. या घरात ती थोरल्या दिरापुढे मोठ्याने बोलल्याचे तोपर्यंत कोणी ऐकले नव्हते.

"भावजी," ती म्हणाली, "माझं माहेर शिरूर कासारचं हाय. माझे माय-बाप कोयता घिऊन असंच कोप्यांत ऱ्हायले. अशाच हिरीवरून मी पानी वाहिलेलं हाय." तिने ताट खाली ठेवले, पुढे येऊन मुलीचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. राख तिच्याही हिरव्या चुड्याला लागली. "तिच्या घागरीला ज्यानं हात लावला न्हाई, त्याच्या लेकीला मी माघारी धाडनार न्हाई. त्यांचं डोस्कं उगडं ठिवायचं न्हाई आपल्या दारात. तुमचा फेटा द्या त्यांना."

  चुलत्यांनी सावकाश आपला फेटा उतरवला, तसाच, न सोडता, मालकांच्या डोक्यावर ठेवला. तो थोडा मोठा झाला आणि कानांवर आला. "तिरपा बसलाय," चुलते पुटपुटले.

"मान तिरपी हाय ती," अक्का मागून म्हणाल्या. "सरपंचापायी!"

तो विनोद तेलगावकरांना कळला नाही. पण आमच्या बाजूची मंडळी इतकी हसली की तेही हसले. मी पंचांग उघडून पुढचा शुभ मुहूर्त काढला आणि साखरपुडा झाला.

मालक गेले तेव्हा गाडी लेकीने मागून घेतली. आता ती तेलगावहून स्वतः चालवत माहेरी येते. आज सकाळी पूजा सांगताना, वयामुळे म्हणा, मी कुंकवाचे बोट सवयीने काचेकडे नेले. तिने माझे मनगट हळूच धरून बॉनेटकडे वळवले. "हिथं, गुरुजी. काचंवर नको." कळसात तीर्थ उरले तेव्हा तिने आधीच टाकीच्या झाकणावर तळवा ठेवला होता. दोघेही हसलो. ते तीर्थ तिने अंगणातल्या तुळशीला घातले, थेंब थेंब करून.

मग ती आत बसली आणि वायपर एकदा चालवून पाहिले. उपसरपंचाने आपली बाजू लख्ख केली. सरपंचाने मधोमध एक पट्टा ठेवला. तिने मान जराशी तिरपी केली आणि गाडी रस्त्याला लावली.

हे वाचणाऱ्या सज्जनांनो, तुमच्या नजरेसमोरचा मार्ग सदैव निर्मळ राहो. तुमच्या दारची घागर भरलेली असो, आणि दुसऱ्याच्या घागरीचा मान राखण्याची बुद्धी तुमच्या लेकराबाळांना लाभो. प्रवासाला निघालेले तुमच्या घरचे प्रत्येक माणूस दिवेलागणीला सुखरूप उंबऱ्यात येवो, आणि त्याच्या मस्तकावरील मान कोणत्याही दारी उणा न पडो, हीच श्रीयोगेश्वरीच्या चरणी प्रार्थना.